बार्बारेस्कोच्या बसचं तेवढं बघा

गिरावीन, सिडनी
रविवार, ५ सप्टेंबर २०२१

चि. सौ. मेधास,

अनेक आशीर्वाद. आईंना माझा नमस्कार सांग. विश्रामरावांची कंबर आता कशी आहे? बागेत फवारणीला सध्या त्यांनी स्वतः जाऊ नये, असं माझं मत.

तुझा मेसेज येऊन बारा दिवस झाले. मी तो वाचला हे तुला फोनवरच्या निळ्या खुणांवरून कळलं असेलच. फोनवर मला बोलता येत नाही. विनीता म्हणायची, यांच्या हातात फोन दिला की हे 'हं' म्हणून परत देतात. म्हणून कागदावर लिहितो आहे. पोस्टाचं सध्या काही खरं नाही, पण पोचेल.

तू एकच गोष्ट विचारली आहेस. विनीताच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तो ताईचा तुझ्यावर राग राहिला म्हणून का. भावकीतल्या बायका तसं बोलतात, आणि आता तुलाही तसंच वाटायला लागलं आहे. पाडव्यापर्यंत तूच तिला ठेवून घेतलंस, असं तू लिहिलं आहेस. मी हे नीट वाचलं आहे.

आधी इकडची खबर लिहितो.

सिडनीच्या आमच्या पश्चिम भागात लॉकडाऊन जास्त कडक आहे. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. व्यायामाला दिवसातून एक तास. अधूनमधून डोक्यावरून पोलिसांचं हेलिकॉप्टर जातं. पॅरामॅटाचं ऑफिस दीड वर्षापासून घरातच आहे. पावसाचं पाणी कुठल्या गटारातून कुठे जाईल हे बघायला ऑफिस लागत नाही, नकाशे लागतात, आणि ते कॉम्प्युटरवर असतात. अनुष्का मेलबर्नला ट्रुगानिनात घरातच अडकली आहे. रोज संध्याकाळी फोन करते. "बाबा, डिड यू ईट?" मी हो म्हणतो. "व्हॉट डिड यू ईट?" असं विचारलं की माझी पंचाईत होते.

विनीताची एक वही मी उघडली आहे. ती हरवलेली नव्हती, मायक्रोवेव्हवरच होती. मी उघडली मात्र आत्ता, ऑगस्टमध्ये.

तुला हे माहीत नसेल. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही इटलीला जाणार होतो. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून. नाशिकला यायचं सोडून इटलीला चालली, असं आई म्हणतील, म्हणून तिने तुम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतं. मग मार्चमध्ये सगळंच बंद झालं. पण तिची तयारी थांबली नाही, उलट वाढली.

याला कारण शेजारच्या पियाबाई. वय ब्याऐंशी. एकोणिसाव्या वर्षी बोटीने इथे आल्या. त्यांचं गाव इटलीच्या वायव्येला, लांगे नावाच्या टेकड्यांच्या भागात. तिथे टेकडी दिसली की तिच्यावर द्राक्षबाग असतेच, वाइनच्या द्राक्षांची. त्यांच्या मागच्या कुंपणावरही एक वेल आहे. गेल्या जुलैत त्या छाटणी करत होत्या, तेव्हा विनीताने त्यांना सांगितलं, आमच्या अण्णांच्या बागेत वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलला आणि ऑक्टोबरला. पियाबाई कात्री धरून तशाच उभ्या राहिल्या.

"टू टाइम्स? अँड व्हेन इट स्लीप, पुअर थिंग?"

"इन नाशिक नोबडी स्लीप्स, पिया."

तिथून त्यांचं जमलं. मग रोज अकरा वाजता कुंपणाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. पियाबाई सांगायच्या आणि ही लिहून घ्यायची.

बेत असा. आल्बा नावाच्या गावात मुक्काम. रोज सकाळी निघायचं, एखादी टेकडी, एखादं गाव बघायचं आणि संध्याकाळी परत. सामान एकदाच उघडायचं, ही तिची अट. सात दिवसांच्या सात सहली. पहिला दिवस आल्बातच पायी, विटांचे उंच मनोरे आणि बाजार. तिथे लिहिलं आहे: "हेझलनट. अनुष्काला दोन किलो. आईला नको, दात."

दुसरा दिवस ला मोरा. हे गाव टेकडीच्या अगदी माथ्यावर, पाचशे मीटरच्या थोडं वर. चर्चसमोर मोकळी जागा आहे आणि तिच्या टोकाला कठडा. तिथून खाली सगळ्या टेकड्या दिसतात. त्या पानावर लिहिलं आहे: "इथे एक तास बसायचे. काही करायचे नाही." त्याखाली रेघ आणि पुढे, "यांना आधी सांगून ठेवणे."

मी आता दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटरवर ते रस्ते उघडतो. गुगलच्या गाडीने काढलेले फोटो आहेत, एकेक पाऊल पुढे जाता येतं. ला मोराला मी कठड्यापाशी तासभर बसलो. म्हणजे इथेच, खुर्चीत. फोटोत एक बाई कुत्रा घेऊन उभी आहे, ती तासभर तशीच उभी होती.

तिसऱ्या दिवशी ला मोराहून चालत बारोलोला उतरायचं, असं तिने ठरवलं होतं. वाटेत बागेच्या मधोमध एक छोटं चॅपल आहे, लाल, निळं, पिवळं रंगवलेलं. त्यात कधी पूजाअर्चा झालीच नाही म्हणतात. अवजारं ठेवायला आणि पावसात मजुरांना थांबायला बांधलेलं. विनीताने लिहिलं आहे, "अण्णांच्या बागेतली खोली, फक्त रंगीत." वेळ पाऊण तास धरला आहे. मी उंचीच्या रेषा काढून पाहिल्या. तिचा गुडघा धरला तर दीड तास लागेल. तसं मी पेन्सिलीने बाजूला लिहून ठेवलं आहे.

काल पियाबाईंनी कुंपणावरून विचारलं, "विनीता, शी स्टिल इन इंडिया?" मी "येस" म्हणालो. ते काही खोटं नाही.

कागद संपत आला. तू विचारलेलं राहिलं हे मला दिसतं आहे.

तुझा
चंद्रहास


गिरावीन
रविवार, ३१ ऑक्टोबर २०२१

चि. सौ. मेधास,

आशीर्वाद. आईंचा दुसरा डोस झाला हे अनुष्काकडून कळलं, बरं वाटलं.

माझं पत्र पोचल्याचा तुझा मेसेज मिळाला. तू लिहिलंस, "दाजी, पाच पानं टेकड्यांवर लिहिलीत, माझ्यावर पाच ओळी नाहीत. ताई कुठे जाणार होती ते कळलं. माझ्यावर रागावून गेली का, ते सांगा. सांगायचं नसेल तर तसं कळवा. मी वर्षश्राद्धाच्या स्वयंपाकाला हात लावणार नाही. तिला माझ्या हातचं नकोच असेल तर कशाला?"

तुझं बरोबर आहे. हा मेसेज मी पुष्कळदा वाचला.

लॉकडाऊन उठला. उद्यापासून इथल्या नागरिकांना परवानगीशिवाय देशाबाहेर जाता येईल. टीव्हीवर दिवसभर विमानतळ दाखवत आहेत. विनीता जानेवारीत निघाली तेव्हा सरकारकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागली होती, ते तुला आठवत असेल. तो अर्ज मी भरला होता. 'प्रवासाचे कारण' या रकान्यात मी लिहिलं होतं, आईचं आजारपण, मोठी मुलगी. तू बोलावलंस म्हणून ती आली असं तू धरून बसली आहेस. तुझा फोन यायच्या दोन दिवस आधी तिने बॅग काढली होती. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, तेव्हा हे तरी मनातून काढून टाक.

पियाबाईंचं सांगायचं आहे. लॉकडाऊन उठल्यावर त्या चर्चला जाऊन आल्या आणि कुंपणापाशी आल्या. हातात तुळशीसारख्या पाल्याची कुंडी होती. त्यांच्या स्वयंपाकात ती पानं लागतात. म्हणाल्या, "हे विनीताचं. तिने जाताना मला सांभाळायला दिलं होतं. आता विमानं सुरू होतात, ती येईल, घेऊन ठेव."

तेव्हा मला सांगावं लागलं. एप्रिलमध्येच गेली, म्हणालो.

त्यांनी कुंडी खाली ठेवली. मग त्यांच्या तुटक इंग्रजीत जे बोलल्या ते असं: "सहा महिने मी ती सुखरूप परत यावी म्हणून दर रविवारी मेणबत्ती लावते आहे. चर्च बंद होतं तेव्हा घरी लावली. तो वर बसून माझ्याकडे बघत असेल, या म्हातारीला कोणीच कसं सांगत नाही. तू मला देवासमोर वेडी ठरवलंस, चंद्रा."

मी सॉरी म्हणालो. "नो सॉरी," त्या म्हणाल्या. "यू ईट?" आणि आत जाऊन सूप घेऊन आल्या. मी ते कुंपणापाशी उभ्यानेच प्यायलो. त्या खुर्चीत बसून रडत होत्या, आणि मी पिऊन संपवेपर्यंत उठल्या नाहीत.

मी मुद्दाम लपवलं नव्हतं, मेधा. पहिल्यांदा विचारलं तेव्हा सांगता आलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा पहिल्यांदा का सांगितलं नाही, हेही सांगावं लागलं असतं. असं ते लांबत गेलं.

तुझं आणि ताईचं १० फेब्रुवारीला भांडण झालं होतं, आईंच्या औषधांवरून. त्या दिवशी ताई बागेतून चहा न घेता घरी गेली आणि दोन दिवस गप्प होती, असं तू दहाव्यानंतर मला सांगितलं होतंस. तू तो राग धरून चालली आहेस. त्या दिवशीचं मला माहीत आहे ते लिहितो.

त्या सकाळी तिने बागेतून मला व्हिडिओ कॉल केला होता. माल काढणीला आला होता. तिने फोन फिरवून मला सगळ्या ओळी दाखवल्या, क्रेट दाखवले, झाडाखाली झोपलेला कुत्रा दाखवला. मग म्हणाली, "अहो, सीमा उघडल्या की मी घरी येतच नाही. तुम्ही सिडनीहून निघा, मी मुंबईहून निघते. मिलानच्या विमानतळावर भेटू. तुम्ही पाटी घेऊन उभे राहा, माझं नाव लिहिलेली."

मी ऑफिसच्या मीटिंगमधून मधेच उठलो होतो. मी म्हणालो, "समोर बाग आहे ना तुझ्या, तीच बघ. द्राक्षं ती द्राक्षं. त्याला इटली कशाला?"

ती हसली नाही, चिडलीही नाही. "बरं," म्हणाली. मग तिने फोन परत माझ्याकडे न वळवता ठेवून दिला, म्हणजे मला शेवटी दिसली ती जमीन. ती चहा न घेता गेली ती त्यानंतर. औषधांच्या भांडणाचं ती मला बोललीही नव्हती.

आणि पाडव्याचं. तीस मार्चच्या विमानात तिला जागा मिळाली होती, हे तुला माहीत आहे. तू म्हणालीस, पाडवा करून जा. मग तिने मला फोन केला. "मेधा राहा म्हणते आहे. काय करू? येऊ का राहू?" मी म्हणालो, तुला वाटेल तसं. तीस वर्षं मी तिला हेच उत्तर देत आलो. साडी कुठली घेऊ, तुला वाटेल तशी. पोरीला कुठल्या शाळेत घालू, तुला वाटेल त्या. मला वाटायचं, मी तिला मोकळीक देतो आहे. फोनवर ती थोडी थांबली होती. ती कशासाठी थांबली ते मला तेव्हा कळायला हवं होतं. "ये" एवढंच म्हणायचं होतं. घरात सकाळी उठलं की मला ते म्हणावंसं वाटत होतं. दोन महिने मी तिच्या बाजूची उशी हलवली नव्हती. पण तोंडातून तुला वाटेल तसंच आलं.

म्हणजे तू राहा म्हणालीस आणि मी ये म्हणालो नाही. यात तुझा दोष मोठा कसा, ते मला दिसत नाही.

वहीतला पाचवा दिवस मी काल केला. पियाबाईंच्या गावच्या वाटेवर एका उतारावर लाल रंगाचं प्रचंड मोठं बाक ठेवलं आहे. इतकं मोठं की वर चढून बसल्यावर माणसाचे पाय लोंबकळतात, लहान मुलासारखे. विनीताने त्याचं चित्र काढलं आहे. बाकावर दोन माणसं. त्यातल्या एकाच्या डोक्यावर केस नाहीत.

चौथा दिवस मी सोडून पुढे गेलो. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

तुझा
चंद्रहास


गिरावीन
रविवार, ६ मार्च २०२२

मेधा,

उत्तर आधी लिहितो. नाही. ताई तुझ्यावर रागावून गेली नाही.

हे मला गेल्या वर्षीच्या २२ एप्रिलपासून माहीत आहे.

मागच्या पत्रानंतर तुझा एकही मेसेज आला नाही. मी समजलो, पटलं असेल. परवा विश्रामरावांचा फोन आला. म्हणाले, "दाजी, तुमचं दुसरं पत्र वाचून ती म्हणाली, दाजी भला माणूस आहे, माझं ओझं हलकं करायला स्वतःवर घेतोय. तिला वाटतं तुम्ही मन राखायला लिहिलंत." त्यांनी हेही सांगितलं की तू भावकीत कोणाच्या हळदीकुंकवाला जात नाहीस. आणि वर्षश्राद्धाचा स्वयंपाक थोरल्या काकूंकडे द्यायचं ठरतं आहे, कारण 'धाकटीचं ती घेणार नाही.' आई त्यावर काही बोलल्या नाहीत म्हणे. हे ऐकल्यावर मला बसवेना. दहा दिवस इथे सारखा पाऊस आहे, नद्या फुगल्या आहेत, आमच्या खात्याला श्वास घ्यायला वेळ नाही. तरी आज सुट्टी घेऊन लिहायला बसलो.

मी मन राखायला काही लिहिलेलं नाही. उलट जे लिहायचं तेच मी दोन्ही पत्रांत ठेवून दिलं. आता लिहितो.

२२ एप्रिलच्या दुपारी विनीताने मला हॉस्पिटलमधून फोन केला. त्यानंतर मास्कमुळे तिला बोलता आलं नाही, म्हणजे तो शेवटचा. वॉर्डमध्ये तुम्हाला कोणाला सोडत नव्हते. ती म्हणाली, "मेधा तीन दिवस खाली गाडीत बसून आहे, डबा घेऊन. मला खिडकीतून गाडीचं टप दिसतं. तिला घरी जायला सांगा ना. माझं ऐकत नाही. लहानपणापासून माझं एक ऐकत नाही ती." आणि हसली, आणि हसल्यावर खोकला आला. मग म्हणाली, "पण गाडी दिसते तोवर बरं वाटतं. नका सांगू."

हे तिचे शब्द आहेत. मी त्यात काही घातलेलं नाही आणि काही काढलेलं नाही.

दहा महिने मी ते तुला का सांगितले नाहीत? कारण ते सांगितले की त्यापुढचंही सांगावं लागलं असतं. तिचं पुढचं वाक्य होतं, "आणि अहो, बार्बारेस्कोच्या बसचं तेवढं बघा. रविवारी असते का ते."

मला वाटलं, ती तापात बोलते आहे. मी म्हणालो, "बरं, बघतो." तेव्हा मी वही उघडलेली नव्हती. बार्बारेस्को हे गावाचं नाव आहे हेही मला माहीत नव्हतं. ऑगस्टमध्ये उघडली तेव्हा चौथ्या दिवसाचं पान लागलं. बार्बारेस्को, नदीवरचा जुना मनोरा, आणि समासात, "रविवार? बस?" ती तापात बोलत नव्हती. तिचं तेवढं एकच राहिलं होतं. बाकी सगळ्याची तिने व्यवस्था लावली होती.

आता दहाव्याचं.

तुम्ही कादवेच्या काठावर होता, बारा-तेरा माणसं, अंतर ठेवून. भारतातून येणारी विमानं इथल्या सरकारने बंद केली होती आणि मला निघायला परवानगी मिळाली नव्हती, म्हणून माझ्या वतीने विश्रामरावांनी सगळं केलं. तू फोन धरून उभी होतीस. माझ्याकडे साडेबारा वाजले होते. मला पिंड दिसत होता, मागे बाभळीवर तीन कावळे दिसत होते. ते खाली उतरायचे आणि परत जायचे. विश्रामराव म्हणाले, आईंना आम्ही सांभाळू. काका म्हणाले, अनुष्काचं लग्न थाटात करू. कोणीतरी ओरडलं, "अरे मागं सरका, गर्दीला बुजतोय तो." गुरुजी म्हणाले, "आणखी कोणाचं काही राहिलंय का? बोलून टाका, ऊन चढायला लागलं." मग तू पुढे झालीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "ताई, माझं चुकलं असेल तर मला माफ कर." कावळा तेव्हाही आला नाही. आणि थोरल्या काकूंनी तुझ्याकडे कसं पाहिलं ते मला फोनमध्ये दिसलं.

तेव्हा काका म्हणाले, "जावईबापूंना विचारा की." तू फोन पिंडाकडे धरलास. "दाजी, तुम्ही बोला. तुमचं ऐकेल ती."

मला माहीत होतं काय बोलायचं ते. गावाचं नाव माहीत नसलं तरी इटलीला जायचं राहिलं आहे हे मला माहीत होतंच. "विनीता, आपण ठरवलं होतं तिथे मी जाईन," एवढंच म्हणायचं होतं.

तेव्हा फोनचं नेटवर्क गेलं, असं मी तुला नंतर कळवलं. नेटवर्क गेलं नव्हतं. फोन मी बंद केला.

का केला, ते मी स्वतःला पुष्कळ विचारलं आहे. लाज वाटली, हे खरं. तेरा माणसांसमोर, गुरुजींसमोर, इटलीला जाईन म्हणायचं. ते हसले नसते, पण मला तसं वाटलं. दुसरं, मी इंजिनिअर आहे. जे काम होणार हे नक्की नाही त्याच्या कागदावर मी सही करत नाही, आणि तेव्हा इथून बाहेर पडता येईल की नाही हेच कोणाला माहीत नव्हतं. पण ही दोन्ही कारणं झाली सांगायची. खरी मला भीती वाटली. मी बोललो आणि तरी कावळा आला नाही तर? बाकीच्यांना तो नाही म्हणाला तसा मलाही म्हणाला तर? कावळ्यावर माझा विश्वास आहे की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या मिनिटाला मात्र होता.

मग तुम्ही दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. आणि भावकीने ठरवलं की तिचा जीव तुझ्यात अडकला. मी ते ऐकलं, मला त्याचा दुसरा अर्थ माहीत होता, आणि मी गप्प बसलो. पियाबाईंना मी सहा महिने अंधारात ठेवलं, पण त्यांच्याबद्दल कोणी काही बोलत नव्हतं. तुला मी लोकांच्या तोंडी दिलं. त्याची माफी मी पत्रातून मागत नाही. समोर येऊन मागेन.

नऊ एप्रिलला मी मुंबईत उतरतो. दहाला संध्याकाळी नाशिक. सोळाला, चैत्र पौर्णिमेला, वर्षश्राद्ध. स्वयंपाक तू करायचा आहेस. काकूंना राग आला तर तो मी बघेन. विधी झाला की मी काठावर उभा राहून, गेल्या वर्षी जे बोललो नाही ते बोलणार आहे, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कावळा यावा म्हणून नव्हे. त्याची वेळ गेली. तीन मेला मी आणि अनुष्का मुंबईहून मिलानला जातो आहोत. अनुष्काने विचारलं, "बाबा, डू यू इव्हन लाइक वाइन?" मी म्हणालो, तुझ्या आईलाही आवडत नव्हती.

बार्बारेस्कोला रविवारी बस नाही. मी तिथल्या कचेरीला इंग्रजीत पत्र लिहून विचारलं, पियाबाईंनी त्याचं इटालियन करून दिलं. चौथा दिवस आम्ही मंगळवारी ठेवला आहे.

तिच्याशिवाय ते सगळं कसं दिसेल हे मला माहीत नाही. ला मोराच्या कठड्यापाशी तासभर बसायचं आहे, काही न करता. मला ते जमत नाही म्हणून ती आधी सांगून ठेवणार होती. आता मला रोज तेवढंच करावंसं वाटतं. तिच्याजवळ बसावं आणि काही करू नये.

एक काम तुला सांगतो. हे पत्र घरात ठेवून देऊ नकोस. आईंना वाचून दाखव. मग थोरल्या काकूंना, काकांना, गुरुजींना, त्या दिवशी काठावर जे जे होते त्या सगळ्यांना बोलावून वाचून दाखव. फोन बंद केला ते वाक्य गाळू नकोस. मी तिथे येईपर्यंत त्यांना ते माहीत असायला हवं, म्हणजे मला काठावर उभं राहताना पळवाट राहणार नाही.

मोठ्याने वाच. त्या दिवशी माझा आवाज मी पोचू दिला नाही.

विनीताचा
चंद्रहास